ग्योताकू करताना छाप काळा गोळा का येतो, आणि तो मासा नंतर खायचा का?

ग्योताकू म्हणजे माशाला शाई लावून त्याचा कागदावर छाप घ्यायची जपानी पद्धत. प्रश्न थोडक्यात असा आहे की पापलेट आणलं, नळाखाली धुतलं, पोस्टर कलर लावला, वर ड्रॉइंग पेपर दाबून उचलला, तर माशाच्या आकाराचा एक काळा डाग मिळाला. खवलं नाहीत, पर नाहीत, डोळ्याच्या जागी नुसता लगदा. व्हिडिओतला जपानी माणूस मात्र दोन मिनिटांत काम उरकून हसत उभा. तर चुकलं काय, कागद कुठला घ्यायचा, रंगीत छाप पारंपरिक आहेत का आणि रंग लावलेला मासा नंतर खाता येतो का.

आधी त्या व्हिडिओचं सांगतो. त्यात शाई लावण्यापासून पुढचंच दाखवतात, त्याआधीचा तास-दीड तास कापून टाकलेला असतो आणि तुमचा छाप त्या दीड तासात बिघडलाय, नंतर नाही. मी गेली बारा वर्षं जपानमधल्या चिबामध्ये राहतोय, सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गळ टाकून बसायचं हा एकच छंद, आणि ग्योताकू शिकलो ते तिथल्या एका टॅकल शॉपच्या, म्हणजे गळाच्या सामानाच्या दुकानाच्या, आजोबांकडून. त्यांच्या दुकानाच्या भिंतीच काय, छतालासुद्धा माशांचे छाप चिकटवलेले, निम्मे सिगरेटच्या धुराने पिवळे पडलेले. मला वाटलं होतं हे कलाकार असणार. तर कसलं काय, त्यांना कलेशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांच्या लेखी तो कागद म्हणजे पावती. अमक्याने अमक्या दिवशी अमुक सेंटीमीटरचा मासा काढला, आणि खोटं बोलत नाहीये बघा, हा घ्या मासाच. हे डोक्यात बसलं की बाकीच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात, कारण मग आपण चित्र काढत नसतो, माशाकडून सही घेत असतो, आणि सही घ्यायची तर आधी हात कोरडा पाहिजे.

तो पावतीचा प्रकार जुनाच आहे. ‘ग्यो’ म्हणजे मासा, ‘ताकू’ म्हणजे ठसा. आज माहीत असलेला सगळ्यात जुना छाप १८३९ सालचा, तो आहे त्सुरुओकामध्ये, यामागाता प्रांतात. हा भाग तेव्हा शोनाई संस्थानाचा, आणि तिथल्या सामुराईंना मासेमारी म्हणजे अंगमेहनतीची आणि संयमाची तालीम म्हणून करायला लावायचे, लांबलचक बांबूच्या काठ्या घेऊन खडकांवर जायचं, आणि मोठा मासा लागला की त्याचा छाप काढून ठेवायचा. गंमत म्हणजे तो १८३९चा मासा शोनाईचा नाहीच, एदोतल्या किन्शी-बोरी नावाच्या कालव्यात पकडलेला फुना आहे, कार्पच्या कुळातला. किन्शी-बोरी म्हणजे आजच्या तोक्योतलं किन्शिचो. मी तिथे आठवड्यातून दोनदा ट्रेन बदलतो, आता फुना सोडा, तिथे बेडूकसुद्धा दिसणार नाही.

असो. आता तुमच्या पापलेटकडे येऊ. पापलेट ही निवडच चुकली, राग मानू नका. आकार सुंदर आहे त्याचा, पण खवलं अगदी बारीक आणि नुसता हात लावला तरी सुटणारी, बाजारात टोपलीतून टोपलीत होईपर्यंत निम्मी गेलेली असतात. उरलेल्या गुळगुळीत अंगावर शाईला धरायला काही नाही, मग सपाट डागच येणार. सुरमई, बांगडा यांचंही तेच. बोंबलाचं तर नावच काढू नका. सुरुवातीला रोहू घ्या, किंवा चिलापी, दीड वीत लांबीचा. खवलं मोठी, घट्ट बसलेली, स्वस्त, आणि वाया गेला तरी जीव हळहळत नाही. हात बसला की तांबोशी, मग जिताडा. इथे सगळे ज्याच्यावर जीव टाकतात तो माशांचा राजा ‘ताई’, त्याची खवलं आणि आपल्या तांबोशीची खवलं छापात साधारण एकाच थाटाची दिसतात.

आणि बाजारात एक काम विसरू नका. मासा तोलून झाला की कोळीणमावशीचा हात सवयीने कोयत्याकडे जातो, त्याआधीच ओरडायचं की मावशी, खवलं काढू नका, पोट फाडू नका, पर कापू नका, आहे तस्सा द्या. मी रत्नागिरीला आलो होतो तेव्हा हे सांगेपर्यंत एका बाजूची खवलं उडाली होती. मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

धुणं. इथे सगळा खेळ आहे म्हणून इथे वेळ घालवतो. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो राहिला की शाई त्याच्यावर तरंगते, कागद त्या बुळबुळीला चिकटतो, आणि उचलताना सगळं मिळून एक काळी पेस्ट होते. तुमचा डाग तोच आहे. आधी साध्या पाण्याने धुवा, मग जाडं मीठ घेऊन डोक्याकडून शेपटीकडे हलक्या हाताने चोळा, उलटं चोळलं तर खवलं उठतात. धुवा, परत मीठ. मी तीन वेळा करतो. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंबही चालतात, पण मग मासा खायचा विचार असेल तर मिठावरच थांबा. बोट फिरवल्यावर करकर असा हलका आवाज आला पाहिजे, घासलेल्या ताटलीसारखा, म्हणजे झालं. मग टिश्यूने टिपून घ्या, पुसू नका, टिपा. कल्ल्यांच्या झाकणाखाली, तोंडात आणि मागच्या भोकात टिश्यूच्या किंवा कापसाच्या छोट्या गुंडाळ्या कोंबा. हे नाही केलं तर वरून दाबताना आतलं पाणी आणि रक्त नेमकं कागदावर येतं, माझे पहिले चार छाप असेच गेले, गालापाशी गुलाबी डाग. आदल्या दिवशी फ्रीझ करून मग वितळवलेला मासा घेतला तर बुळबुळ कमी सुटते, नवख्याला ते बरं पडतं.

पर. ताज्या माशाचे पर मिटलेले असतात, ते तसेच ठेवून छापले तर मासा पावसात भिजलेल्या कावळ्यासारखा दिसतो. मासा थर्मोकोलच्या जाड तुकड्यावर ठेवा, मासा मावेल एवढा खड्डा त्यात कोरा म्हणजे मासा अर्धा आत बसतो आणि कागद फार वाकवावा लागत नाही. मग पाठीचा पर चिमटीने उघडा, आणि प्रत्येक दोन-तीन काट्यांमागे एक टाचणी, काट्याच्या मुळाशी तिरकी टोचायची, पातळ पडद्यातून नाही. पराखाली थर्मोकोलचा पातळ तुकडा सरकवायचा म्हणजे तो अंगाच्या उंचीला येतो, अधांतरी राहिलेला पर छापत नाही. शेपटीचंही तसंच. मग पंख्याखाली अर्धा तास सोडा. पर वाळले की तसेच उघडे राहतात, तेव्हा टाचण्या काढून घ्या. पाठीचे काटे चिबातल्या कुरोदाईचे असोत की तुमच्या तांबोशीचे, हातात घुसतातच, आणि मग दोन दिवस ठणकतं, तेव्हा सावकाश. एखादा पर आधीच फाटलेला असेल तर फाटकाच छापा. लोक नंतर ब्रशने तो पुरा करतात, मला ते आवडत नाही, पावतीत खाडाखोड केल्यासारखं वाटतं. पण हे माझं मत.

आता शाई. पोस्टर कलर नको, तो माशावरच वाळतो, तुम्ही कागद ठेवेपर्यंत निम्मा सुकलेला. इथे पारंपरिक पद्धतीत सुमी वापरतात, म्हणजे काजळी आणि सरस यांची कांडी, दगडावर पाणी घेऊन घासून उगाळायची, आपण चंदन उगाळतो तशी. तुम्हाला भारतात सुमी नाही मिळाली तर ब्लॉक प्रिंटिंगची पाण्यात विरघळणारी शाई चालेल, किंवा ॲक्रिलिकमध्ये ते वाळणं लांबवणारं रिटार्डर मिळतं ते घालून. मऊ, चपटा, इंचभर रुंदीचा ब्रश. आधी शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे खवल्यांच्या विरुद्ध एक हात, त्याने शाई खवल्यांच्या कडांखाली जाते. लगेच डोक्याकडून शेपटीकडे दुसरा हात, त्याने खवलं परत बसतात. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, आजोबांनी मला ब्रशच्या आधी टिश्यूचा डबा हातात दिला होता तो यासाठी, लावलेल्या शाईतली निम्मी टिपून काढा. मासा काळाभोर दिसत असेल तर शाई जास्त आहे. करडा दिसला पाहिजे, खवल्यांच्या कडा काळ्या आणि मधला भाग जवळजवळ अंगाच्याच रंगाचा. पाठीवर थोडी जास्त, पोटावर नावाला, कारण खरा मासाही असाच असतो, वर गडद खाली पांढरा. परांवर जवळपास कोरडा ब्रश. डोळ्यावर शाई अजिबात नाही, चुकून लागली तर कानकोरणीच्या कापसाने पुसा.

कागदाचं म्हणाल तर ड्रॉइंग पेपर हा दुसरा गुन्हेगार. जाड कागद माशाच्या अंगावर वळत नाही, नुसता टेकतो. पातळ, पण ओला झाल्यावर न फाटणारा कागद लागतो, आणि हे दोन्ही गुण एकत्र असतात लांब धाग्यांच्या कागदात. इथला वाशी नावाचा हातकागद कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून करतात, तुतीच्या कुळातलं झाड, धागे इतके लांब की फाडलेल्या कडेला केसांसारखे दिसतात. सेकीशू आणि मिनोकडचे जे नावाजलेले हातकागद आहेत, २०१४मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले ते, निव्वळ कोझोचे. सरावाला तो नको, महाग पडेल. इथली मुलं शाळेत सुलेखनाला हान्शी वापरतात, २४ बाय ३३ सेंटीमीटरचा पातळ कागद, सरावाला तो बरा पण ओला झाला की जातो. भारतात नेपाळी लोकता कागद मिळतो, त्यातला अगदी पातळ मागून घ्या. पुण्याकडचा सुती हातकागद छान असतो पण या कामाला जाड. आणि काहीच नाही मिळालं तर जुनं धुतलेलं मलमल घ्या, खरंच सांगतो, मलमलीवर तांबोशीचा छाप असा उठतो की कागद विसराल.

कागदाची गुळगुळीत बाजू माशाकडे. दोघांनी चार कोपरे धरून अलगद सोडायचा, एकदा टेकला की सरकवायचा नाही, तिरका पडला तर तिरकाच. एका हाताने मधोमध धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मधून बाहेर दाबत जा, घासायचं नाही. कल्ल्याच्या झाकणाची कड, अंगावरची मधली रेघ, तोंडाचा कोपरा, हे बोटाला जाणवतं, डोळ्यांनी बघायची गरज नसते. शेवटी पर, एकेक काटा अंगठ्याने. सुरकुती पडणारच, गोल वस्तूवर सपाट कागद आहे, ती परांच्या बाहेर ढकला. मग शेपटीकडून एका दमात उचला.

पहिला छाप बहुतेक वाईटच येतो, नाउमेद होऊ नका. परत शाई न लावता लगेच दुसरा कागद ठेवा. त्यावर जे येतं ते बघा, खवलं मोजता येतील इतकी. माझे ठेवण्यासारखे दहातले सात छाप दुसरे किंवा तिसरे आहेत.

दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. एक, कागद अंगाभोवती वळून मग सपाट होतो त्यामुळे छापातला मासा खऱ्यापेक्षा जाडजूड दिसतो, लांबीतही थोडी भर पडते, म्हणून लांबी कायम माशाची मोजायची, छापाची नाही. टॅकल शॉपमध्ये याच्यावरून चालणारी भांडणं ऐकण्यासारखी असतात. दुसरं, छाप आरशासारखा उलटा येतो. जपान्यांना मासा डोकं डावीकडे केलेला लागतो, ताटात वाढतानाही तसाच, त्यामुळे छापात डोकं डावीकडे हवं तर माशाची उजवी बाजू वर ठेवून छापावी लागते. मी पहिल्या वर्षी एक बऱ्यापैकी ताई उलट्या तोंडाचा छापून मोठ्या अभिमानाने घेऊन गेलो होतो, आजोबा म्हणाले छान आहे, पण निघून चाललाय कुठे तो.

डोळा तेवढा हाताने काढायचा, सगळ्या कामात तेवढी एकच जागा आपली. छाप पूर्ण वाळू द्या, मासा समोर ठेवा (किंवा आधीच डोळ्याचा फोटो काढून ठेवा, मेलेल्या माशाचा डोळा पांढुरका होत जातो), आणि बारीक ब्रशने आधी बाहेरचं कडं, मग बाहुली, आणि उजेडाचा ठिपका कागदाचा पांढराच सोडा, नंतर पांढऱ्या रंगाने टाकलेला ठिपका मेलेला दिसतो. डोळा जरा वर किंवा पुढे सरकला तर मासा घाबरलेला नाहीतर वेंधळा दिसायला लागतो. दुसऱ्या कागदावर पाच-सहा डोळे काढून बघा आणि मगच.

रंगीत छाप पारंपरिक आहेत का असं विचारलंय. हे जे वर सांगितलं ती थेट पद्धत, शाई माशाला लावायची. दुसरी आहे ती आडवळणाची: स्वच्छ माशावर ओला पातळ कागद किंवा रेशीम चिकटवायचं आणि शाई वरून, कागदाला लावायची. रेशमी कापडात कापूस बांधून छोटे बोळे करतात, त्यांना ताम्पो म्हणतात, त्यांनी टिपटिप करत रंगाचे थर चढवायचे. ती पद्धत मुख्यतः विसाव्या शतकात फुलली, सुंदर रंगीत छाप बघता ते बहुतेक त्याच पद्धतीचे, आणि त्यात छाप उलटा येत नाही. एकेक मासा पाच-सहा तास खातो. मी वर्षातून दोनदा करतो, त्याहून जास्त धीर नाही. पण गंमत बघा, आपल्याकडे शिलालेखाचा ठसा कसा घेतात हे पाहिलंय का कधी? ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत घालायचा, आणि वरून शाईचा बोळा टिपत जायचं, खाचा पांढऱ्या राहतात. तेच काम, दगडाच्या जागी मासा. ‘ताकू’ हा शब्दही इकडे मूळचा दगडावरच्या ठशांचाच आहे. त्यामुळे कुणी अभिलेखवाचक ओळखीचा असेल तर त्याच्याकडून बोळा बांधायला शिका, माझ्यापेक्षा तो चांगलं शिकवेल.

छापाखाली तारीख, जागा, माशाचं नाव, लांबी, वजन, कोणी पकडला आणि बघणारा साक्षीदार कोण, हे लिहा. विकत आणला असेल तर बाजाराचं नाव लिहा, लाज कसली. हे लिहिण्याला अर्थ आहे. २०२०मध्ये युसुके मियाझाकी आणि आत्सुनोबु मुरासे या दोन संशोधकांनी गळ-आमिषाच्या दुकानांत आणि संग्रहांत असे २६१ छाप तपासले, त्यावर ३२५ मासे होते, आणि तारीख-जागा लिहिलेली असल्यामुळे कुठला मासा कधी कुठे मिळायचा हे त्यातून काढता आलं. त्यात हॉक्काइदोचा इतो नावाचा मासा होता आणि मियाझाकी प्रांतातला आकामे, दोन्ही आज दुर्मीळ झालेले. हा आकामे म्हणजे आपल्या जिताड्याचा सख्खा भाऊ, एकाच वंशातला, छाप शेजारी ठेवले तर उतरतं कपाळ आणि मोठा जबडा सारखाच. रायगडातल्या एखाद्याने पन्नास वर्षांपूर्वी खाडीतल्या जिताड्यांचे छाप तारखेसकट ठेवले असते तर, असं मला ते वाचल्यापासून सारखं वाटतं.

सुरकुतलेला छाप तसाच फ्रेम करू नका. मागून गव्हाच्या पिठाची पातळ खळ लावून दुसऱ्या कागदावर बसवतात, वाळताना ताणून सपाट होतो. घरातली पुस्तकं चिकटवायची खळ असते तीच, फक्त गाळून, आणि दुधापेक्षा जरा दाट एवढीच. शाई पुरती वाळली नसेल तर पसरते, दोन दिवस थांबा.

राहिला खायचा प्रश्न. काजळी-सरसाची कांडी उगाळून लावलेली असेल तर इथले लोक मासा धुतात, खवलं काढतात आणि खातात, मीही खातो. बाटलीतली तयार सुमी, ॲक्रिलिक, प्रिंटिंग इंक यातलं काहीही लावलं असेल तर खाऊ नका, त्यात रेझिन आणि टिकवायची रसायनं असतात, पॅकवर काहीही लिहिलेलं असो. आणि दुसरं म्हणजे तो मासा तास-दीड तास बर्फाबाहेर पडलेला असतो, तुमच्याकडच्या मे महिन्यात तर शाई चांगली असली तरी मी तो तोंडाला लावणार नाही. खायचाच असेल तर माकलाची शाई वापरा. माकूल साफ करताना आतली पिशवी न फोडता काढा, वाटीत फोडा, थोडं पाणी घाला, गाळा. छाप काळा नाही, तपकिरी येतो, वास मात्र दोन दिवस राहतो. थंडीत, सकाळी, मासा बर्फाच्या पिशवीवर ठेवून उरका आणि दुपारच्या कालवणात घाला, छापलेल्या बाजूची कातडी काढून. आमच्या घरी हे कालवण एकदा करडं झालं होतं, मुलगी जेवली नाही, मी जेवलो.

पुढच्या वेळी रोहू आणाल तेव्हा मला पहिला छाप दाखवू नका, तिसरा दाखवा.